भांडवल कोणाचे, देणे कोणाचे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आणि त्यांचे साहित्य हा दलित साहित्यविचाराला परका विषय नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच मुळी ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांपुढे ठेवून. परंतु त्याच अमेरिकेत कॅलिफोर्निया-टेक्ससच्या शेतांत, कारखान्यांत आणि हॉटेलांच्या मोरीवर राबणारा मेक्सिकन वंशाचा माणूस आपल्या चर्चेत फारसा आलेला नाही. १८४८ च्या तहाने अमेरिकेने मेक्सिकोचा फार मोठा प्रदेश गिळला आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे आपल्याच भूमीत परकी ठरली. पुढे मजुरीसाठी सीमेपलीकडून आलेल्यांची त्यांत भर पडली. १९६० नंतरच्या चळवळीत या समाजाच्या तरुणांनी 'चिकानो' हा हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द उचलला आणि आपले नाव म्हणून छातीवर लावला. हीनतेचा शिक्का मिरवण्याच्या नावात कसा बदलतो, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

या समाजाच्या मुलांना महाविद्यालयाचे दार कसे बंद होते आणि उघडले तरी आत काय घडते, याचा अभ्यास करणाऱ्या विदुषींमध्ये तारा योसो यांचे नाव महत्त्वाचे आहे. २००५ साली त्यांचा 'कोणाच्या संस्कृतीला भांडवल म्हणायचे?' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध झाला. २००६ साली चिकाना-चिकानो विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक वाटचालीवरचे त्यांचे पुस्तक आले. निबंधाचा बोलबाला अधिक झाला आणि शिक्षणशास्त्रात त्याचा उल्लेख आज सर्रास होतो. माझे म्हणणे असे की, निबंध एकटा वाचला तर तो आपल्याच विरुद्ध वापरता येतो. त्यांनीच मांडलेल्या आकड्यांच्या शेजारी ठेवून तो वाचला, तरच तो शोषितांच्या बाजूचा राहतो. या लेखात एवढेच दाखवायचे आहे.

१

प्रथम आकडे. २००० सालच्या अमेरिकी जनगणनेच्या आधारे योसो आणि त्यांचे गुरुतुल्य सहकारी डॅनियल सोलोर्झानो यांनी एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत १०० चिकानो मुले दाखल होतात असे धरा. त्यांतील ५४ माध्यमिक शिक्षण पुरे करीत नाहीत, ४६ करतात. या ४६ पैकी २६ च्या आसपास मुले महाविद्यालयाची पायरी चढतात. त्यांतील १७ दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातात आणि फक्त ९ चार वर्षांच्या विद्यापीठात. कम्युनिटी कॉलेजातील १७ पैकी एकच पुढे विद्यापीठात पोहोचतो. शेवटी पदवी घेतात ८, त्यापुढची पदवी २, आणि डॉक्टरेट मिळवणारा शंभरांत एकही पुरता भरत नाही.

मधला आकडा नीट पाहा. १७ पैकी १. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य विद्यापीठ आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले, अशी ती उतरंड. सर्वांना प्रवेश दिल्याचे श्रेय या व्यवस्थेला मिळाले. गरिबाच्या मुलाने खालच्या पायरीवरून सुरुवात करावी आणि दोन वर्षांनी वर यावे, असे आश्वासन होते. पण खालून वर जाणारा जिनाच इतका अरुंद की सतरांतील सोळा त्यावर अडकून पडतात. तेव्हा दार उघडे असणे आणि वाट मोकळी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रवेशाचे आकडे दाखवून टाळ्या घेणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला हा प्रश्न विचारला पाहिजे.

मराठीत आपण अशा प्रकाराला 'गळती' म्हणतो. पाणी गळते त्यात कोणाचा हात नसतो, म्हणून हा शब्द सोयीचा आहे. योसो आणि सोलोर्झानो शाळा सोडलेल्यांबरोबरच शाळेबाहेर ढकललेल्यांचाही उल्लेख करतात. ढकलले म्हटले की ढकलणारा शोधावा लागतो. मग इमारती, शिक्षक आणि अभ्यासक्रम यांत पैसा कुठे कमी पडला, पुढे न नेणाऱ्या वर्गात कोणाला बसवले, महाविद्यालयाचा रस्ता कोणाला सांगितलाच नाही, ही चौकशी सुरू होते.

हे आकडे पंचवीस वर्षांपूर्वीचे आहेत. त्यानंतर लॅटिनो मुलांचे शाळा सोडण्याचे प्रमाण बरेच घटले आहे. पंचवीस वर्षांवरील लॅटिनोंपैकी आज साधारण पाचांत एकाकडे पदवी आहे. ही प्रगती आहे आणि ती झाली नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण गोऱ्यांचे प्रमाण याच्या दुपटीच्या आसपास आहे. हिशेब जुना झाला असला तरी हिशेबाची रीत जुनी झालेली नाही.

२

आता निबंधाकडे वळू. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी दाखवले होते की, वरच्या वर्गाच्या घरातून मुलाला भाषा, रीतभात, ओळखीपाळखी वारशाने मिळतात. शाळा हा वारसा मोजते आणि त्यालाच गुणवत्ता म्हणते. बापाची मिळकत अशा तऱ्हेने मुलाची हुशारी बनते. वास्तविक ही शाळेवरची टीका होती. पण पुढे अनेक अभ्यासकांनी ती उलटी वाचली. ज्यांच्याकडे हे सांस्कृतिक भांडवल नाही ती घरे दरिद्री, त्यांच्या मुलांत काहीतरी उणे, ते उणे भरून काढणे म्हणजे शिक्षण, असा अर्थ काढला गेला. योसो यांचा हल्ला आहे तो या उणेपणाच्या विचारावर.

या विचाराची मराठी आवृत्ती मला रोज ऐकावी लागते. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवते आणि माझ्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. 'या पोरांच्या घरात शैक्षणिक वातावरण नाही' हे वाक्य प्राध्यापकांच्या खोलीत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ते एक मत आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. हे वाक्य म्हटले की शिकवणाऱ्याची जबाबदारी संपते. योसो यांचा निबंध या वाक्याला उत्तर देतो, म्हणून तो मला जवळचा वाटला.

उत्पन्न आणि संपत्ती यांत फरक आहे, ही कल्पना त्यांनी ऑलिव्हर आणि शापिरो या समाजशास्त्रज्ञांकडून घेतली. महिन्याचा पगार हे उत्पन्न. साठत आलेले आणि पिढीकडून पिढीकडे जाणारे ते संपत्ती. मध्यमवर्गीय गोऱ्यांचे सांस्कृतिक भांडवल ही संस्कृतीची एक अरुंद मोजणी आहे आणि शोषित समाजांची संपत्ती तिच्या बाहेर पडलेली आहे, असे योसो म्हणतात. या संपत्तीचे त्या सहा प्रकार सांगतात.

पहिली आकांक्षा. पॅट्रिशिया गांदारा यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्या दाखवतात की, शिक्षणात मागे ठेवले गेलेले चिकानो आईबाप मुलांविषयी मात्र सातत्याने मोठी स्वप्ने पाहत आले. म्हणजे 'यांना शिक्षणाची आस्थाच नाही' हा आरोप खोटा. दुसरी भाषा. जे मूल घरी स्पॅनिश बोलते आणि दवाखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत आईबापांसाठी इंग्रजीचा दुभाषी बनते, ते दोन जगांत ये-जा करण्याचे कसब शिकते. शाळा मात्र त्याला इंग्रजीत कच्चा म्हणून खालच्या वर्गात बसवते. आपल्याकडे तलाठ्याच्या कागदापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सारे वाचून दाखवणारी आठवी-नववीतील मुलगी घरोघर आहे. तिच्या निबंधात मात्र 'अशुद्ध भाषा' म्हणून लाल शाईच्या रेघा असतात.

तिसरा प्रकार कुटुंबाचा. त्यात आजी, मावश्या, शेजारी असा मोठा गोतावळा येतो आणि त्याच्या आठवणी व शहाणपण येते. चौथा समाजाच्या परस्पर मदतीचा. मेक्सिकन मजुरांनी चालवलेली परस्पर साहाय्य मंडळे ही त्याची जुनी परंपरा. पाचवा वाट काढण्याचा, म्हणजे आपल्यासाठी बांधलेल्याच नव्हेत अशा संस्थांतून न मोडता पार होण्याची कला. सहावा प्रतिकाराचा.

प्रतिकाराला स्वतंत्र स्थान देणे हे या निबंधाचे मोठे मोल आहे. शाळेच्या दप्तरी 'बेशिस्त' म्हणून नोंदली जाणारी गोष्ट ज्ञान असू शकते, हा विचार त्यामागे आहे. मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत कोंडण्याविरुद्ध कॅलिफोर्नियातील पालक कोर्टात गेले आणि १९४७ साली मेंडेझ खटल्यात अपिलातही जिंकले. वर्णभेदी शाळा बेकायदा ठरवणाऱ्या ब्राऊन खटल्याच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतील हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा नको, आमचा इतिहास शिकवा, आम्हाला फक्त हातकामाच्या वर्गांत ढकलू नका, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ही माणसे शिक्षणाविषयी उदासीन होती असे कोण म्हणेल?

३

पुस्तकात योसो यांनी प्रतिकथेची पद्धत वापरली आहे. मुलाखती, संशोधन आणि अनुभव यांचे धागे एकत्र करून त्या काल्पनिक पात्रे उभी करतात. शाळेतील आया, माध्यमिक विद्यार्थी, महाविद्यालयीन तरुण आणि संशोधक विद्यार्थी एकत्र बसून बोलतात. प्रस्थापित कथेला शोषिताची कथा उत्तर देते, ही भूमिका आपल्याला पटणारीच आहे. दलित आत्मकथनांनी मराठीत हेच केले.

परंतु वाङ्मय म्हणून पाहिले तर या प्रतिकथा उण्या पडतात. पात्रे एकमेकांचे बोलणे पुरे करतात, भांडत नाहीत. बोलता बोलता ती संशोधनाचे दाखले देतात. वर्गातला पाठ गोष्टीच्या रूपात चालला आहे असे वाटते. आपल्या आत्मकथनांनी हा सोपा मार्ग घेतला नाही. दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली स्वतःच्या समाजाला आणि स्वतःला उघडे केले, आणि त्याबद्दल समाजातूनच रोष ओढवून घेतला. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये सवर्णांची गुलामगिरी आहे आणि त्याच घरात सुनेवर होणारा अमानुष छळही आहे. गुलामाच्या घरात आणखी एक गुलाम होती, हे सांगायला त्या कचरल्या नाहीत.

हा मुद्दा केवळ शैलीचा नाही. कुटुंब ही संपत्ती आहे असे योसो म्हणतात, तेव्हा त्या कुटुंबात ती कोणाच्या कष्टावर साठली हा प्रश्न मागे पडतो. ज्या ग्लोरिया अँझाल्दुआंच्या विचाराचा आधार घेऊन योसो निबंधाला सुरुवात करतात, त्यांनीच १९८७ च्या आपल्या पुस्तकात चिकानो संस्कृती स्त्रीला कशी दाबते हे कठोरपणे लिहिले होते. ती कठोरता या निबंधात उतरलेली नाही. माझ्या वर्गातील जी मुलगी घरचा स्वयंपाक उरकून सकाळच्या एसटीने येते, तिला कुटुंब बळही देते आणि पदवीच्या आधी लग्नाची घाईही करते. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडतात.

आंबेडकरी विचारातून आणखी एक प्रश्न निघतो. वारशाने आलेले सारेच संपत्ती मानायचे काय? बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडा म्हटले, वतनदारी झुगारा म्हटले, गाव सोडून शहराकडे जा म्हटले, आणि १९५६ साली धर्मच बदलला. आपल्या माथी मारलेली संस्कृती नाकारणे हीच आपली पहिली सांस्कृतिक कृती होती. चिकानोंची स्थिती वेगळी आहे. त्यांची भाषा आणि स्मृती बाहेरून हिसकावली गेली, म्हणून ती परत घेणे हा त्यांचा विद्रोह. आपल्यावर जे लादले ते संस्कृतीच्याच नावाने लादले. म्हणून योसो यांची यादी जशीच्या तशी उचलता येणार नाही. वारशातून निवड करण्याची आणि नकार देण्याची ताकद आपल्याला प्रतिकाराच्या खात्यात मांडावी लागेल.

४

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येते. योसो यांचा शब्द 'भांडवल' आहे. मराठीत या शब्दाला एक दुसरी छटा आहे. 'दुःखाचे भांडवल करणे' असे आपण म्हणतो आणि त्यात निषेध असतो. आपल्या भाषेने हा धोका आधीच ओळखून ठेवला आहे. भांडवल म्हटले की ते बाजारात मांडता येते, आणि मग ते मोजणारा, विकत घेणारा आणि त्यावर नफा काढणारा उभा राहतो.

अमेरिकेत नेमके हेच घडताना दिसते. तेथील राखीव जागांच्या वादाचा निकाल १९७८ साली बाकी खटल्यात लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा मागास अल्पसंख्याकांसाठी ठेवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द केली. न्यायमूर्ती पॉवेल यांनी मात्र एक फट ठेवली. समाजात झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून वंश पाहता येणार नाही, पण विद्यार्थिवर्गात विविधता असणे शिक्षणाला हितकारक आहे म्हणून पाहता येईल. इथे न्यायाचा प्रश्न गेला आणि उपयुक्ततेचा आला. चिकानो मुलगा आता हक्काने येत नव्हता. त्याच्या येण्याने गोऱ्या मुलाचे शिक्षण समृद्ध होते म्हणून त्याला जागा होती. पुढे कॅलिफोर्नियाने १९९६ च्या सार्वमताने सरकारी विद्यापीठांत तेही बंद केले. १९९८ साली बर्कली आणि लॉस एंजेलिस येथे प्रवेश मिळालेल्या लॅटिनोंची संख्या खाली आली. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांविरुद्ध निर्णय देऊन देशभर वंशाधारित प्रवेशाला आळा घातला.

त्या निर्णयातही एक फट आहे. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने अर्जासोबतच्या निबंधात लिहिले, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकते. मात्र त्यातून त्याचे धैर्य किंवा कर्तृत्व दिसले पाहिजे. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीने आईचे शेतातले हाल आणि बापाची हद्दपारीची भीती लिहायची, आणि त्यातून मी कशी खंबीर झाले हे सिद्ध करायचे. योसो यांची सहा खाती अशा निबंधाला तयार साचा म्हणून वापरता येतात. जी मुलगी खंबीर झाली नाही, नुसतीच थकली, तिचे काय? तिच्यावरचा अन्याय कमी होता काय?

हा दोष योसो यांचा नाही. त्यांचा निबंध वंशवादाच्या चिकित्सेतून निघालेला आहे आणि त्यांचा रोख संस्था बदलण्यावर आहे. पण चिकित्सा गाळून यादी उचलता येते, आणि यादीच अधिक फिरते. 'तुमच्याकडे केवढी जिद्द आहे' असे कौतुक करून संस्था मोकळी होते. जिद्दीचे कौतुक करायला वसतिगृह बांधावे लागत नाही.

५

म्हणून भांडवलाच्या शेजारी दुसरा शब्द ठेवला पाहिजे, आणि तो 'देणे' हा आहे. योसो यांचे पुस्तक आले त्याच २००६ साली कृष्णवर्णीय विदुषी ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी अमेरिकेतील शिक्षणसंशोधकांच्या संघटनेपुढे अध्यक्ष म्हणून भाषण केले. काळ्या-तपकिरी मुलांच्या गुणांतील तूट मोजणे थांबवा आणि पिढ्यान्‌पिढ्या थकलेले शिक्षणाचे कर्ज मोजा, असा त्यांच्या मांडणीचा सारांश. तूट मुलाच्या अंगावर असते. कर्ज राष्ट्राच्या अंगावर असते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विचार ओळखीचा वाटेल. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हाच जमाखर्च मांडला होता. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो, हे कोणत्या न्यायाचे? शेतकऱ्याच्या पोराच्या अंगी कोणती संपत्ती आहे याची यादी त्यांनी दिली नाही. पैसा कोणाचा आणि शिकतो कोण, एवढेच विचारले. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या समाजाची कम्युनिटी कॉलेजात गेलेली मुले १७ पैकी १ या प्रमाणात विद्यापीठात पोहोचतात, तेव्हा फुल्यांचा प्रश्न तिथेही तसाच लागू पडतो.

योसो यांच्याकडून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. आपली मुले रिकाम्या हाताने येतात या समजुतीला त्यांनी दिलेला नकार घ्यावा. शिक्षकाने तो वर्गात आचरणात आणावा, मुलाची बोली चुकीची ठरवण्याआधी ती ऐकावी. दुसरी गोष्ट त्यांची शंभराची मोजणी. आपल्या प्रत्येक महाविद्यालयात पहिल्या वर्षाला अनुसूचित जाती-जमातींची आणि भटक्या-विमुक्तांची किती मुले आली, दुसऱ्याला किती राहिली, तिसऱ्याला किती पास झाली, पुढे किती गेली आणि शिष्यवृत्ती कितव्या महिन्यात हातात पडली, हा तक्ता दरवर्षी सूचनाफलकावर लागला पाहिजे. विद्यार्थी संघटनांनी तो मागावा, प्राध्यापकांनी तो तयार करून द्यावा. प्रत्येक पायरीवर किती मुले ढकलली गेली हे त्यात दिसेल, आणि कोणत्या टेबलावर ढकलली गेली हेही विचारता येईल. सहा संपत्तींची यादी त्या तक्त्यानंतर वाचायची आहे.